सराफ्यातले चेहरे, रंग वजा करून

रस्त्यावर माणसांचे कृष्णधवल फोटो काढायचे असतील तर चेहरे शोधत हिंडू नका. जिथे कुणाचं तरी काहीतरी ठरायचं आहे, अशी जागा धरा. आमच्या इंदूरच्या सराफ्यात दुपारी येऊन बघा. काउंटरवर काटा, अलीकडे सासू-सून, मध्ये मोडीला काढलेल्या पाटल्या. वजन होईपर्यंत त्या दोघींना काट्यापलीकडचं जग दिसत नाही, समोरच्या ओट्यावर तुम्ही कॅमेरा घेऊन बसलात तरी. आकडा कळल्याबरोबर तोंडावर जे उमटतं ते टिपायचं. पुढच्याच क्षणी माणूस चेहरा सावरतो.

त्यासाठी कॅमेरा आधीच तयार हवा. मी ३५ मिमीची लेन्स लावते, छिद्र एफ/८ (आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान), आणि फोकस हाताने अडीच मीटरवर. फुल फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एवढ्याने साधारण पावणेदोन ते पावणेपाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं, फोकस लागायची वाट बघावी लागत नाही. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. रस्त्यापलीकडून मोठ्या झूमने टिपणं मला पटत नाही. फोटोत ते चोरून बघणं दिसतं, आणि लोकांनाही तो लांबलचक नळा जास्त खुपतो.

फाइल रॉ (रंगांसकट कच्ची) ठेवा, पण स्क्रीन मोनोक्रोमवर, म्हणजे कृष्णधवलावर टाका. लाल लुगडं आणि त्यामागचा हिरवा दरवाजा डोळ्यांना वेगळे दिसतात, करड्यात पुष्कळदा एकजीव होतात. म्हणून रंग विसरून उजेड-अंधार बघा: चेहरा उन्हात आणि मागे दुकानाचं काळोखं पोट, ही जोडी बहुतेक वेळा जमते. पांढरी टोपी किंवा सदरा असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा. टोपीची वीण एकदा जळाली की परत येत नाही.

रात्री सराफांची शटरं पडतात आणि त्याच ओट्यांपुढे गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा किस, जिलबी सुरू होते. पिवळे बल्ब आणि निळसर एलईडी यांची खिचडी रंगीत फोटोत त्रास देते, कृष्णधवलात तो प्रश्नच उरत नाही. एफ/२ च्या आसपास या; छिद्र मोठं झालं की स्पष्ट येणारा पट्टा अरुंद होतो, म्हणून फोकस पुन्हा कॅमेऱ्याकडे सोपवावा लागेल. शटर १/१०० ठेवा: आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर त्याहून वेगवान केलं की फोटोवर पट्टे येऊ शकतात. गराडू तळणाऱ्यापेक्षा मला द्रोण हातात येण्याची वाट बघणारे आवडतात. भूक लपवता येत नाही, भल्याभल्यांना नाही.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, इंदूरच्या राजवाड्यावर येते तेव्हा ‘रंगांच्या सणात काळं-पांढरं कशाला?’ असं हमखास कानावर येतं. काढून बघा! गुलाल चेहऱ्यावर मातीच्या लेपासारखा बसतो, मग डोळे आणि दात तेवढे बोलतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून लेन्सपुरतं भोक ठेवा.

विचारायचं कधी? अगदी जवळ जायचं असेल तर आधी. “भिया, एक फोटो ले लूँ?” एवढं पुरतं. मग तो पोज देतो, ती काढून घ्या, आभार माना आणि तिथेच थांबा. गिऱ्हाईक आलं की तो तुम्हाला विसरतो, खरा फोटो तेव्हाचा. आपली मराठी काकू निघाली तर मात्र गाव, आडनाव, लग्न झालंय का, सगळं सांगून मगच कॅमेरा उचलता येतो. लहान मुलांसाठी आई-बापाला विचारा. कुणी नको म्हटलं तर त्याच्यासमोरच डिलीट करा.

घरी सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल रूपांतर करताना नारिंगीचा स्लायडर (तो रंग करड्यात किती उजळ दिसावा हे ठरवणारी पट्टी) जपून हलवा. आपली कातडी मुख्यतः त्यातच असते. वर नेला की माणूस गोरा होतो आणि सुरकुत्या धुऊन निघतात, खाली नेला की प्रत्येक रेघ उठते. मी सावळा रंग सावळाच ठेवते, फार तर डोळ्यांभोवतीची सावली जरा उघडते. फोनवर काढत असाल तर ब्यूटी मोड आधी बंद करा. तो कपाळावरच्या आठ्याच पुसतो, आणि त्या आठ्यांसाठीच आपण ओट्यावर बसलो होतो.