लाल पेशीच्या पटलापासून सुरुवात करा

सोलापुरात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी मुलं मला विचारतात, मेम्ब्रेन प्रोटीनवर, म्हणजे पेशीच्या पटलातल्या प्रथिनांवर, काम करायचं तर पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का? पुढे जावं लागतंच. पण हात बसतो तो इथेच, आणि माझं ठाम मत आहे की तो लाल रक्तपेशीवर बसवावा.

या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. अगदी पातळ फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे क्षाराच्या विरळ द्रावणात, ती फुटते. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, वरचं लाल पाणी काढायचं, पुन्हा थंड बफर घालायचं. तीन-चार धुण्यांनंतर तळाशी दुधाळ, सैल थर दिसतो. तेच पटल. त्याच्याखाली एक घट्ट ठिपका असतो, तो मात्र घेऊ नका; त्यातल्या प्रोटिएजमुळे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे, तुमची प्रथिनं तुटतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर बर्फाची पेटी भरल्याशिवाय नळीला हातच लावायचा नाही.

माझं काम ग्लूट-१ वर होतं, ग्लुकोज आत नेणाऱ्या प्रथिनावर. वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीला, सगळेच सॅम्पल उकळतात, म्हणून मीही पाच मिनिटं उकळायचो. पट्टा येईचना, नुसता वरच्या खाचेपाशी काळा डाग. दोन महिने मी अँटिबॉडीलाच दोष देत बसलो. खरं कारण वेगळं होतं. हे प्रथिन पटलातून १२ वेळा आरपार जातं, त्याचे पाण्याला टाळणारे भाग उष्णतेने एकमेकांना चिकटतात आणि तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही. न उकळता ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं, आणि ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास रुंद, धूसर पट्टा उमटला. त्याच्यावर साखरेच्या साखळ्या असतात, म्हणून तो असाच पसरट दिसतो. त्या दिवशी मी फिल्म हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो.

कारण हेच प्रथिन कमी पडलं की रक्तातली साखर ठीक असूनही मेंदूला पुरत नाही आणि लहान मुलांना झटके येतात. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातली साखर कमी दिसली की शंका येते, आणि वेळेवर ओळखलं तर कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहाराने पुष्कळ मुलांचे झटके आटोक्यात येतात. पटलावरची अशी प्रथिनं इतर आजारांतही कामाला येतात. एचआयव्हीत ज्याच्यावरून पांढऱ्या पेशी मोजतात ते सीडी४ही पटलावरचंच प्रथिन. स्तनाच्या कर्करोगात हर२ हे पटलावरचं प्रथिन जास्त असेल तर त्याला चिकटणारं ट्रास्टुझुमॅब देतात. ते औषध १९९८ पासून आहे.

ब्लॉटनंतर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीवरची प्रथिनं लेझरने मोजायची पद्धत, शिका. आणि नेट परीक्षेचा (प्राध्यापकी व संशोधनवृत्तीसाठीची) अभ्यास दुसऱ्या वर्षावर ढकलू नका, प्रोजेक्टच्या धावपळीत तो होत नाही.