लॅनची वायर भिंतीत गाडण्यापूर्वी या चुका टाळा

राउटर हॉलमध्ये, काम करायची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये विटांच्या भिंती व आरसीसीचे कॉलम, अशी रचना असलेल्या घरात वाय-फाय मागच्या खोलीत क्षीण होणारच. तिथे लॅनची, म्हणजे घरातली उपकरणे राउटरला जोडणारी, वायर ओढणे हा योग्य उपाय आहे, आणि नीट टाकलेली वायर पुढची कित्येक वर्षे विनातक्रार चालते. मात्र नूतनीकरणाच्या वेळी टाइल्सच्या रंगावर आठवडेच्या आठवडे विचार करणारी मंडळी या वायरसाठी शेवटच्या दिवसाचा अर्धा तास ठेवतात. प्लास्टर झाल्यावर ती चूक दुरुस्त करायची म्हणजे भिंत फोडावी लागते, म्हणून हे सारे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

रंगांचा क्रम आणि टेस्टरचे आठ दिवे

सर्वाधिक वेळा दिसणारी आणि सर्वांत फसवी चूक कनेक्टरच्या आत असते. लॅनच्या वायरमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसून एका जोडीतील संकेत दुसऱ्या जोडीत मिसळू नये यासाठी असतो. वायरच्या टोकाला बसणाऱ्या आठ पिनांच्या आरजे-४५ कनेक्टरमध्ये पिन १ व २ ही एक जोडी, ३ व ६ ही दुसरी, ४ व ५ ही तिसरी आणि ७ व ८ ही चौथी जोडी अपेक्षित असते. नवशिक्या माणसाला यातली ३ आणि ६ ची जोडी विचित्र वाटते, म्हणून तो नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी शेजारी लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्याने प्रत्येक तार समोरच्या त्याच पिनला पोहोचते आणि साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. प्रत्यक्षात मात्र ३ व ६ या पिनांवर दोन वेगळ्या जोड्यांतील एकेक तार आलेली असते, त्यामुळे पीळ असून नसल्यासारखा होतो.

साताऱ्याला एका नातेवाइकांच्या दुमजली घरात नेमके हेच घडले होते. खालच्या मजल्यावरील राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत वायर टाकली, वायरमनने टेस्टर लावून आठ दिवे दाखवले आणि भिंत बंद झाली. त्यानंतर वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल अधूनमधून गोठू लागला आणि मोठी फाइल पाठवताना जोडणी तुटू लागली. खालच्या मजल्यावर मात्र सगळे सुरळीत असे. आधी इंटरनेट कंपनीला दोष दिला गेला, मग राउटर बदलला, मग लॅपटॉप दुरुस्तीला गेला. मी वरच्या बोर्डाची प्लेट उघडली तेव्हा पारदर्शक कनेक्टरमधून तिसऱ्या आणि चौथ्या पिनवर हिरव्या जोडीच्याच दोन्ही तारा दिसल्या. बोर्डात हातभर जास्तीची वायर ठेवलेली होती, हे त्यांचे भाग्य. दोन्ही टोके कापून योग्य क्रमाने पुन्हा बसवली आणि तक्रार त्याच दुपारी संपली. वायर कापून आखूड बसवलेली असती, तर जिन्याची भिंत फोडावी लागली असती.

म्हणून क्रम पाठ करावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यालाच टी-५६८बी म्हणतात. ५६८ए हा दुसरा मान्य क्रम वापरला तरी बिघडत नाही, मात्र दोन्ही टोकांना एकच क्रम हवा. पीळ सोडवायचा तोही सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मी भिंतीतील वायरला कनेक्टर क्रिंप करतच नाही, म्हणजे पकडीने दाबून बसवतच नाही. भिंतीत कीस्टोन जॅक (प्लेटमधले लॅनचे सॉकेट) बसवतो, ज्यावर रंगांच्या खुणा छापलेल्या असतात, आणि तिथून संगणकापर्यंत तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली आखूड वायर) वापरतो. यात थोडा खर्च वाढतो, पण क्रिंपिंगची सवय नसलेल्या माणसाने एवढा खर्च करावाच.

तपासणीही दिव्यांवर संपवू नये. दोन्ही टोकांना गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) पोर्ट असलेली उपकरणे जोडून संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहावा. तिथे १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर बहुधा ४-५ किंवा ७-८ यांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, कारण १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना पुरतात. मात्र काही फायबर मोडेममध्ये एकच पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १००चे असतात, तेव्हा वायरला दोष देण्यापूर्वी पोर्ट बदलून पाहावा. त्यानंतर दोन संगणकांमध्ये एक मोठी फाइल पाठवून वेग स्थिर राहतो का ते पाहावे. हे सगळे प्लास्टरच्या आधी करावे. गवंडी खोळंबला आहे म्हणून तपासणी टाळणे मला अजिबात मान्य नाही.

स्वस्त वायर

बाजारात कॅट-६ (लॅनच्या वायरचा एक दर्जा) असे छापलेली पण आत तांब्याचा नुसता मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असलेली वायर सर्रास मिळते. हिला सीसीए म्हणतात, आणि ती कॅट-६च्या मानकात बसतच नाही, कारण ते मानक शुद्ध तांब्याची तार मागते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो आणि त्याची तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते. त्याच वायरमधून सीसीटीव्ही कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या उपकरणाला) वीज द्यायची असेल, तर वायर तापते आणि टोकाला व्होल्टेज अपुरे पडते. दुकानातच तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत चंदेरी रंग दिसला तर ती वायर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. दुसरीकडे, कॅट-७ किंवा कॅट-८च्या नावावर पैसे उधळण्याचीही गरज नाही. १ गिगाबिटसाठी शुद्ध तांब्याची कॅट-५ई वायर १०० मीटरपर्यंत पुरते, आणि कॅट-६ त्याहून पुढे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते. कोणत्याही फ्लॅटमध्ये एवढे अंतर होत नाही.

लाइटच्या पाइपातून वायर

पाइप आधीच आहे, झिरी मारायला नको, म्हणून लॅनची वायर विजेच्या तारांसोबत त्याच पाइपातून ओढण्याचा सल्ला अनेक वायरमन देतात. हा सल्ला ऐकू नये. ओढताना एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले, तर २३० व्होल्ट थेट राउटरपर्यंत आणि तिथून हात लावणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकतात. इंटरनेट मंद होणे हा त्यापुढे किरकोळ त्रास आहे. लॅनसाठी २५ मिलिमीटरचा वेगळा पाइप टाकावा, तो विजेच्या पाइपापासून निदान वीतभर अंतरावर न्यावा आणि दोन्ही एकमेकांना छेदणारच असतील तर काटकोनात छेदावेत. पाइपात नायलॉनची एक रिकामी दोरी कायमची ठेवावी, म्हणजे पुढे दुसरी वायर ओढता येते. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी लावावी. ती दिसते खरी, पण सुरक्षित असते आणि कधीही उघडता येते.

वायर अडकली की दोघांनी मिळून जोर लावणे हेही चूकच. सुमारे ११ किलो वजनाइतक्या ताणापलीकडे चार जोड्यांची वायर ओढू नये, कारण आतला पीळ सैल होतो आणि ते बाहेरून कळत नाही. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो टाळून लांब बेंड वापरावा.

गच्चीवरून किंवा खिडकीबाहेरून जाणारी वायर घरातलीच वापरली, तर उन्हाने तिचे आवरण तडकते. तिथे पॉलिथिलीनच्या काळ्या आवरणाची बाहेरची वायर हवी. शेजारच्या इमारतीपर्यंत तांब्याची वायर हवेतून नेऊ नये. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तरी दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात, म्हणून तिथे फायबरच टाकावी.

एकाच नेटवर्क स्विचमध्ये (अनेक लॅन वायर एकत्र जोडणाऱ्या पेटीत) वायरची दोन्ही टोके लावली, तर साध्या स्विचवरचे सगळे नेटवर्क ठप्प होते, म्हणून प्रत्येक टोकावर खोलीचे नाव लिहावे.

शेवटची चूक वायरची नसून सेटिंगची आहे. दुसऱ्या खोलीत जुना राउटर लावताना लोक मूळ सेटिंग तशीच ठेवतात, मग दोन्ही राउटर उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळख क्रमांक) वाटू लागतात आणि प्रिंटर किंवा टीव्ही मधूनच गायब होतो. दुसऱ्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडावा. नसेल तर आधी त्याचा आयपी पत्ता बदलावा, मग त्यातील डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि भिंतीतून आलेली वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी.