सस्पेन्शनचा आवाज: खर्चाआधी दोष नेमका कसा शोधावा

छोट्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी टकटक सुरू झाली की गॅरेजमध्ये बहुधा लांबलचक यादी हातात पडते: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, वरची माउंटिंग, कधी कधी स्टीअरिंग रॅकसुद्धा. त्यातला एखादाच भाग खरा गेलेला असतो. खाली दिलेल्या तपासण्यांना फारशी हत्यारं लागत नाहीत, तासाभरात होतात आणि कुठला भाग बदलायचा हे बऱ्यापैकी सांगून जातात.

आधी रचना. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. वर तो रबरी माउंटिंगने बॉडीला टेकतो. खाली लोअर आर्म बॉल जॉइंटच्या (सगळीकडे फिरणाऱ्या गोळीच्या सांध्याच्या) आधाराने चाक जागेवर धरतो. मागे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम असतो. वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त उसळी शमवतो. म्हणून गाडी एका बाजूला बसलेली दिसत असेल, तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही.

1. आवाज सस्पेन्शनचाच आहे का?

डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनी बाहेर काढून एक फेरी मारा. टायरमधली हवा थंड असताना तपासा आणि गाडीवरच्या स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवा. हवा जास्त असली की चांगलं सस्पेन्शनही आदळतं. मग खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ब्रेक अगदी हलका दाबून धरा. आवाज तेवढ्यात थांबला तर दोष ब्रेकच्या पॅडमध्ये किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांमध्ये असण्याची शक्यता मोठी. गिअर बदलताना किंवा क्लच सोडताना धक्का बसत असेल तर इंजिन माउंटिंग पाहा. स्टीअरिंग पूर्ण वळवून वेग देताना कटकट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची किंवा वेडंवाकडं झिजलेल्या टायरची असते.

2. आवाज कधी येतो ते टिपून ठेवा

कमी वेगात, बारीक खडबडीवर पटापट येणारी टकटक बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीच्या) रबरांची किंवा तिला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या लिंक रॉडची असते. मोठ्या खड्ड्यात एकदाच 'धप' असा जाड आवाज आला तर वरची माउंटिंग, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) किंवा फाटलेला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर). गाडी उभी असताना स्टीअरिंग वळवल्यावर कुरकुर होते, किंवा स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा 'टंग' आवाज येतो, तो स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा. ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढली जात असेल तर ब्रेकबरोबर लोअर आर्मचा मागचा बुशही तपासायला हवा. गॅरेजमध्ये 'आवाज येतो' एवढंच सांगितलं की यादी लांबते.

3. चाकं जमिनीवर असताना

सपाट जागेवर चारही चाकांच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात 10 ते 15 मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बारकाईने पाहा. स्प्रिंग बहुधा खालच्या वेटोळ्याशी, गंजलेल्या जागी तुटते. तुकडा रबरी सीटमध्ये लपलेला असतो, म्हणून टॉर्च लागते.

प्रत्येक कोपरा दोन-तीन वेळा दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपला. मात्र या चाचणीत पूर्ण गेलेलाच शॉकअप सापडतो. अर्धवट थकलेला इथे पास होतो. त्यासाठी टायरवरून हात फिरवा: पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले तर शॉकअप चाकाला रस्त्यावर टेकवून ठेवत नाही. शॉकअपच्या अंगावर तेलाचा हलका ओलसर थर आणि धूळ चालते. तेल ओघळत असेल तर तो गळतोय.

लिंक रॉड हाताने हलवून पाहा, पण दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच. एकच चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉडवर ताण येतो आणि त्याचा खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, लपतो. ढिला लिंक रॉड 'चांगला' ठरून शॉकअप बदलले जातात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

शेवटी एकाला स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटकायला सांगा आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) टोकांवर, मग रॅकच्या रबरी बेलोवर (घड्यांच्या आवरणावर) बोटं ठेवा. जिथे टकटक हाताला लागते तिथे दोष. रॅक हा या भागातला सर्वांत महाग भाग. तो बदलण्याआधी टाय रॉड एंड, आतला रॅक एंड आणि स्टीअरिंग कॉलमचा क्रॉस जॉइंट हे तिन्ही नीट असल्याची खात्री करून घ्याच.

4. चाक उचलून

हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडसर लावा, गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा वरची माउंटिंग. डावी-उजवीकडे हलवल्यावरचा खेळ बहुधा टाय रॉडचा असतो. मग पहारीने लोअर आर्म बुशपाशी हलकेच उचकटा. रबर थोडं हलणारच, कारण ते त्यासाठीच आहे. धातूपासून सुटलेलं किंवा आरपार चिरलेलं रबर मात्र बदलायला हवं. वरवरच्या बारीक भेगा दाखवून आर्म बदला म्हटलं, तर ते पुरेसं कारण नाही.

5. काय आज, काय नंतर

आवाज किती मोठा आहे यावरून धोका ठरत नाही. लिंक रॉड सर्वांत जास्त वाजतो, पण काही आठवडे थांबू शकतो. ढिला बॉल जॉइंट कित्येकदा फारसा वाजत नाही, पण निखळला तर चाक आडवं होतं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये खेळ असेल, किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर गाडी चालवू नका; स्प्रिंगचं तुटकं टोक टायरही कापतं.

शॉकअप आणि स्प्रिंग एका ॲक्सलवर जोडीनेच बदला. लिंक रॉड, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट एका बाजूचे बदलले तरी चालतात. बुश वेगळे मिळत असतील आणि आर्म वाकलेला नसेल, तर प्रेसने बुश बसवणं स्वस्तात होतं. बॉल जॉइंट आर्ममध्ये रिव्हेटने पक्का असेल, तर मात्र अनेकदा अख्खा आर्मच घेणं सोयीचं पडतं. स्ट्रट उघडलाच आहे तर वरची माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ-कव्हर त्याच वेळी बदला. नंतर त्याच कामाची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

6. काम होताना लक्ष कुठे ठेवायचं

नवे बुश लवकर का फाटतात, याचं उत्तर बोल्ट आवळण्याच्या पद्धतीत आहे. चाक लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, की रबर त्याच स्थितीत जखडतं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत सुटतं. बोल्ट आधी फक्त लावून घ्यायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. मागच्या बीमच्या बुशलाही हाच नियम.

शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरायचा नाही. एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं आणि नवा शॉकअप गळू लागतो. बॉल जॉइंट सोडल्यावर चाकाचा हब बाहेर ओढायचा नाही, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की नवे लावायचे. स्प्रिंग कॉम्प्रेसरचं काम सराव नसेल तर घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते.

कुरकुरणाऱ्या बुशवर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मारू नका, रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी शिंपडून पाहा: आवाज क्षणभर थांबला तर तोच बुश दोषी.

स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड बदलला की व्हील अलाइनमेंट करावीच लागते. नुसत्या लिंक रॉडला तिची गरज नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागून घ्या. एकाच चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) फार वेगळा दिसला तर स्ट्रट किंवा आर्म वाकलेला असू शकतो, आणि तो अलाइनमेंटने सरळ होत नाही. जुने भागही परत मागा आणि हातात घेऊन खेळ तपासा. 50 ते 100 किमी चालवल्यावर चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर पुन्हा तपासून घ्या.