कुत्र्याने चॉकलेट किंवा बेदाणा खाल्ला, तर लगेच काय करावं

सांगलीकडच्या घरात पाहुण्याच्या हातावर बेदाणे पडतात आणि पाहुण्याने आणलेलं चॉकलेट पोरांच्या हातात. त्यातलं थोडंफार खाली सांडतं, कुत्रं ते चाटूनपुसून खातं. माणसाला निर्धोक असलेल्या या दोन्ही गोष्टी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. फरक एवढाच की चॉकलेटचा हिशोब मांडता येतो, बेदाण्याचा मांडता येत नाही.

आधी कागद शोधा, मग वजन करा

उरलेलं उचलून घ्या आणि कचऱ्यात टाकलेला कागदही बाहेर काढा. काय खाल्लं, अंदाजे किती आणि किती वाजता, हे लिहून ठेवा. घरात दोन कुत्री असतील आणि कुणी खाल्लं ते कळत नसेल, तर प्रत्येकाने सगळं खाल्लं असं धरून चाला. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा.

कागदावर ‘शुगर फ्री’ असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते पाहा. ते असेल तर हिशोबात वेळ घालवू नका, थेट डॉक्टर गाठा. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही धोकादायक खाली येऊ शकते.

चॉकलेटचा हिशोब

कोकोमध्ये थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. माणसाचं शरीर ते काही तासांत निकालात काढतं. कुत्र्याच्या शरीरातलं निम्मं थिओब्रोमिन बाहेर पडायलाच साधारण १७ तास लागतात. एक ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये ते साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा जास्त आणि कोको पावडरमध्ये २० ते २८. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नसतंच, तिथे त्रास होतो तो तुपकटपणाचा.

खाल्लेले ग्रॅम गुणिले हा आकडा, भागिले कुत्र्याचं वजन किलोत. उत्तर २० च्या आसपास आलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येतात.

५ किलोच्या पॉमेरेनियनने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं, तर उत्तर येतं २०. तेवढंच डार्क खाल्लं तर ५०. हल्ली घरोघरी केक होतात, म्हणून कोकोचा डबा मला सगळ्यात घातक वाटतो. त्यातले दोन-तीन मोठे चमचे त्याच पॉमेरेनियनला झटक्यांपर्यंत नेऊ शकतात. ३० किलोच्या लॅब्राडोरने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं तर उत्तर ४ च्याही खाली राहतं. फार तर पोट बिघडेल, तरीही डॉक्टरांना फोन करून सांगावं. कुत्रं म्हातारं किंवा हृदयरोगी असेल, तर कमी आकड्यावरही विसंबू नका.

बेदाण्याला हिशोब नाही

तासगाव, कवठेमहांकाळ भागात हंगामात द्राक्षं वाळवायच्या शेडमध्ये रॅकखाली बेदाणा पडलेला असतो आणि राखणीचं कुत्रं तिथेच बसलेलं असतं. “आमचं तर रोज खातंय, काही होत नाही,” असं लोक सांगतात, आणि त्यात खोटं काही नसतं. काही कुत्री मूठभर खाऊनही धडधाकट राहतात, तर काहींची मूत्रपिंडं थोडक्या दाण्यांनी निकामी होतात.

२०२१ साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं मांडलं. ते द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार कमीजास्त असतं. त्यामुळे कालच्या दाण्याने काही झालं नाही, म्हणून आजचा चालेल असं म्हणता येत नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे वजनाला वजन बेदाणा द्राक्षापेक्षा जास्त घातक. चिंचेतही हेच आम्ल असतं, तीही कुत्र्यापासून लांब ठेवा. बेदाणा खाल्लेलं कुत्रं दिसायला ठणठणीत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरगुती उपाय करू नका

ओकारी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजतात. त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. घशात बोट घालू नका. दूध, तूप पाजून विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. थरथरणाऱ्या किंवा गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

ओकारी डॉक्टर इंजेक्शनने काढतात. खाल्ल्यापासून पहिल्या दोन तासांत त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. चॉकलेटची लक्षणं बऱ्याचदा ६ ते १२ तासांनी दिसतात, म्हणून लक्षणांची वाट पाहत बसू नका. पुढे गरजेप्रमाणे ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा), सलाईन, झटक्यांवरची औषधं देतात.

निघण्याआधी फोन करून डॉक्टर जागेवर आहेत का ते विचारा. सांगली, मिरजेत कुत्र्यामांजरांचे खासगी दवाखाने आहेत. खेड्यात जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारा. कागद बरोबर न्या.

घरी आणल्यावर

चॉकलेट खाल्लं असेल तर कुत्र्याला वरचेवर लघवीला बाहेर न्या. थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यामुळे लघवी तुंबू देऊ नये. धाप, थरथर किंवा खूप जलद ठोके दिसले तर लगेच परत न्या. त्रास तीन दिवसही टिकू शकतो.

बेदाण्याच्या बाबतीत लघवीवरच नजर ठेवा. ती कमी झाली, कुत्रं सुस्त पडलं, खाणं सोडलं, तर मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची शंका घ्यावी. ही लक्षणं एक ते तीन दिवसांत दिसतात. त्यामुळे क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ताची) तपासणी एकदा नॉर्मल आली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण ७२ तासांपर्यंत, ती पुन्हा करून घ्या.