आजीच्या हातावर मेंदी काढायची तर

लग्नघरी नवरीचे हात झाले की मी आतल्या खोलीतल्या आजींकडे जाते. नाशिकच्या पंचवटीत असो की सिडकोत, तेच दिसतं. त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या जातात, नमस्काराला पाय धरले जातात, पण हात हातात घेऊन कोणी बसत नाही. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसाला मेंदी तुम्हीच काढा. नक्षी यायलाच हवी असं नाही.

पावडर वस्त्रगाळ करून काळ्या चहाच्या गार पाण्यात थोडी साखर घालून भिजवा. नाशिकच्या जानेवारीत तिला रंग सोडायला अख्खी रात्र लागते, मे महिन्यात पाच-सहा तास पुरतात. राजस्थानातल्या सोजतची मेंदी चांगली. तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. झटपट काळाभोर रंग देणारे कोन मात्र घरात आणू नका. त्यांत बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने कातडीवर फोड येऊ शकतात.

बसण्याआधी आजींना बाथरूमला जाऊन येऊ द्या, चष्मा पुसून द्या. मग समोर न बसता शेजारी बसा. त्यांच्या कोपराखाली उशी ठेवा आणि तुमचा डावा तळहात त्यांच्या हाताखाली घ्या. कोन लगेच उचलू नका. आधी मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश हात फिरवा. तिथल्या त्वचेत असे मज्जातंतू आहेत की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. घाईच्या हाताला नाही. सुरुवातीला आजी हात उचलून धरतात, तुम्हाला भार नको म्हणून. बोलत राहा. हाताचं वजन तुमच्या तळव्यात उतरलं की सुरू करा.

संधिवाताने वाकलेली बोटं ओढून सरळ करू नका. तळव्यावर मधोमध गोल, भोवती ठिपके, बोटांची टोकं भरलेली, एवढं पुरे. पूर्वी काडीने हेच काढत. आजींना विचारा, त्या सांगतील. रक्तातली साखर तपासायला टोचतात ते बोट कोरं ठेवा.

आजी विधवा असतील तर “मला कशाला गं?” म्हणत हात मागे घेतील. मला हे फार लागतं. नवरा गेला की बाईच्या हाताला कोणी हात लावायचंही थांबतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. घरात ठराव लागत नाही. जबरदस्ती मात्र नको. एक ठिपका काढू का, एवढंच विचारा. नाही म्हणाल्या तर हाताला नुसतं तेल लावून द्या.

मेंदी चार-पाच तास राहू द्या. तेवढा वेळ आजींना पाणी पाजायचं, दहीभात भरवायचा, पदर सावरायचा, नाक खाजवून द्यायचं. हे काम कोणावर ढकलू नका. सुकलेली मेंदी खरवडून काढा, पाणी लावू नका. रंग आधी नारिंगी दिसेल, दोन दिवसांत गडद होईल. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे जास्त. दुसऱ्या दिवशी खोबरेल घेऊन पुन्हा बसा आणि एकेक बोट चोळून द्या.