प्रार्थना सुचत नाही त्या दिवशी काय करावं

पहाटे पाचला उठले की मी आधी ह्यांच्या डाव्या हातावर दोन बोटं ठेवते. डायलिसिससाठी मनगटाच्या वर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला आहे. तो चालू असला की बोटांना बारीक थरथर लागते, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी. थरथर लागली की मी म्हणते, "प्रभू, आजचा दिवस दिलास." मग चहा ठेवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही सातच्या आत दवाखान्यात असतो. चार तास मशीन, मग घर. सहा वर्षं झाली.

मी नगरची, निवृत्त परिचारिका. आमच्या भगिनी मंडळातल्या मुली विचारतात, "मावशी, तुम्हाला धीर कुठून येतो?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. धीर येण्याची वाट बघत मी बसत नाही. औषधाची वेळ पाळावी तशी काही कामं पाळते, आणि ज्या दिवशी मला जमत नाही त्या दिवशी ती दुसऱ्यांना करू देते. हे दुसरं शिकायला मला जास्त वेळ लागला.

पहिल्यांदा गाऱ्हाणं मोकळं करा. आपल्याला लहानपणापासून उपकारस्तुती शिकवलेली असते, त्यामुळे देवासमोर रडगाणं गायला संकोच वाटतो. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "कोठवर?" अशी आहे, आणि पहिल्या दोन ओव्यांत तो शब्द पुन्हापुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची एक ओळही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचलं जातं. म्हणजे तेवढं बोलायची मुभा आपल्याला दिलेली आहे.

मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला तारीख आणि त्या दिवसाचं गाऱ्हाणं, आपल्या रोजच्या भाषेत. "प्रभू, आज ह्यांचं वजन तीन किलो वाढलं, पाणी जास्त प्यायले, मी ओरडले, मला माझीच लाज वाटते." उजवी बाजू कोरी सोडायची. जबरदस्तीने तिथे काही लिहायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, उपासनेहून आल्यावर, मागची पानं चाळायची आणि कुठे उत्तर सापडलं तर तारखेसह लिहायचं. पावसात रिक्षा मिळत नव्हती त्या पानासमोर "शेजारच्या पोराने सोडलं, पैसे घेतले नाहीत" असं लिहिलेलं आहे. ओरडले त्या पानासमोर "ह्यांनीच आज गोष्ट काढली, दोघं हसलो." माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहिलेलं पान चार वर्षं कोरं आहे. ते मी फाडलेलं नाही. दर महिन्याला ते पान आलं की तिथे थांबते.

वचन एकच घ्या आणि आठवडाभर तेच ठेवा. अध्यायामागून अध्याय संपवले की वाचल्याचं समाधान मिळतं, पण संध्याकाळी एक ओळ आठवत नाही. माझ्यापुरतं तरी असंच होतं. कॅलेंडरचं जुनं पान पाठकोरं असतं. त्याच्या मागे जाड पेनाने वचन लिहायचं आणि ओट्याच्या वर, गॅसच्या वाफेपासून जरा लांब लावायचं. चहाला उकळी येईपर्यंत मोठ्याने तीनदा म्हणायचं. खिन्न दिवसांसाठी मी विलापगीताचा तिसरा अध्याय सुचवीन, बावीस-तेवीस ओव्या: देवाची करुणा रोज सकाळी नवी होते. हे वचन यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरच्या आक्रोशात आलेलं आहे. भोवती उपासमार आणि मोडकी वेशीची दारं, आणि मध्येच हा माणूस सकाळचं नाव घेतो. सुखात बसून कुणी मला हे सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आता मघाशी म्हटलं ते दुसरं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावाची गोष्ट आहे. पक्षाघाती माणसाला चौघे जण बाजेसकट उचलून आणतात, दारात गर्दी असते म्हणून घराचं छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. लहानपणी शब्बाथ शाळेत ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल! पण येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा दिली, हे शब्द पन्नाशी उलटल्यावर माझ्या लक्षात आले. आजारी माणूस त्या क्षणापर्यंत एक शब्द बोललेला नाही. त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास तिथे आधी मोजला गेला.

ह्यांची मूत्रपिंडं गेल्याचं कळलं त्या वर्षी मला दोन महिने प्रार्थना करता आली नाही. गुडघे टेकायची आणि तशीच उठायची. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई दर गुरुवारी यायच्या. माझ्यासाठी भाकरी-पिठल्याचा डबा असायचा. मी जेवेपर्यंत त्या समोर बसून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन म्हणायच्या, आवाज कापरा, ताल मात्र पक्का. मग डबा घेऊन निघायच्या. त्यांनी मला कधी "प्रार्थना करतेस ना?" असं विचारलं नाही. त्या दोन महिन्यांत माझ्या घरात जी प्रार्थना झाली ती त्यांची झाली.

म्हणून बरे दिवस आहेत तोवर आपले चौघे ठरवून ठेवा. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चार नावं आणि फोन नंबर लिहा. त्यांना भेटून सरळ सांगा: "मला जमेनासं झालं की मी फक्त मिस्ड कॉल देईन. तुम्ही माझ्या वतीने प्रार्थना करा आणि जमलं तर येऊन बसा." चौघेही आपल्याच मंडळीतले हवेत असं नाही. माझ्या चौघांत शेजारच्या वहिनी आहेत. त्या एकादशी करतात, नाताळात माझ्याबरोबर करंज्या भरायला बसतात, आणि ह्यांना रात्री धाप लागली तेव्हा सगळ्यात आधी त्याच आल्या होत्या.

आपल्या मराठी मंडळीत याचं एक मोठं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर महाकाव्य लिहायला घेतलं आणि १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा ते अपुरंच होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेची पायरी न चढलेली, लग्नानंतर घरीच अक्षरं शिकलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिने काही वर्षं त्याच्यापासून वेगळी काढली होती. त्याची अर्धी राहिलेली आशा तिने पुढे नेली.

तुम्ही कुणाच्या चौघांपैकी असाल तर एवढं सांभाळा. एकदा घरी येऊन एका गृहस्थांनी ह्यांच्या तोंडावर म्हटलं, "विश्वास कमी पडतो, म्हणून देव बरं करत नाही." हे त्यानंतर तीन दिवस नीट जेवले नाहीत. असं कुणाला कधीही म्हणू नका. पौलाने रोमकरांना शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायला सांगितलं, त्यांची परीक्षा घ्यायला नाही. त्यापेक्षा म्हणा, "शुक्रवारी दवाखान्यात मी बसते, तुम्ही घरी झोपा." चार तासांची झोप देणं म्हणजे काय, हे ज्याला मिळते त्यालाच कळतं.

झोपेवरून एलीया संदेष्टा आठवतो. बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला काहीही उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मंद वाणी त्याला नंतर, होरेब डोंगरावर ऐकू येते. परिचारिका म्हणून मला हा क्रम अगदी बरोबर वाटतो. आधी जेवण, झोप, मग बाकीचं. आणि दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. तिथे फोन करणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. देवदूताची भाकर फोनवरूनही येऊ शकते.

शेवटचं, हाताला दुसऱ्याचं काही काम ठेवा. दौंडजवळच्या केडगावला त्यांनीच उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेलात तर पंडिता रमाबाईंची आठवण जागोजागी आहे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी त्यांनी मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणण्याचं काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. माझं काम फार लहान आहे. ह्यांचं मशीन सुरू झालं की मी बाहेरच्या बाकावर बसून लोकांचे फुले जन आरोग्य योजनेचे कागद लावून देते. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी. कुणाच्या नावात काना-मात्रेचा फरक निघतो, तो आधीच दाखवते म्हणजे खिडकीवरून परत यावं लागत नाही.

गेल्या शुक्रवारी पाथर्डीकडची एक पोरगी बापाला घेऊन आली होती. मानेत डायलिसिसची नळी, हातावर नुकतीच फिस्टुल्याची पट्टी. ती बापाच्या हाताकडे बघायलाही घाबरत होती. मी तिची बोटं धरली आणि टाक्यांच्या जरा वर, अलगद ठेवली.

"लागतंय काही?"

तिने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "हो. थरथरतंय."

"रोज सकाळी उठल्या उठल्या बघायचं," मी म्हटलं, आणि तिचे कागद मागितले.