मुलांचे सांधे सुजतात तेव्हा: बालसंधिवाताची ओळख आणि उपचार

संधिवात हा उतारवयाचा आजार, हा समज आपल्या घरांत इतका पक्का आहे की, तीन वर्षांचे मूल सकाळी लंगडताना दिसले तरी ‘खेळताना पडले असेल’ असे म्हणून तेल चोळण्यातच कित्येक आठवडे निघून जातात. वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि जिचे दुसरे कोणतेही कारण सापडत नाही अशी सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात.

लहान मूल ‘गुडघा दुखतो’ असे क्वचितच सांगते. ते उचलून घ्यायचा हट्ट धरते. म्हणून पालकांनी सकाळी उठल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास नीट पाहावा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचा जिना ते कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते का, मांडी घालून किंवा उकिडवे बसायचे टाळते का, ब्रश धरताना मनगट वाकवत नाही का, हे पाहावे. तेच मूल संध्याकाळी तलावपाळीवर धावते आणि सकाळचे दुखणे सोंग ठरते. प्रत्यक्षात सकाळी आखडलेला सांधा हालचालीने मोकळा होणे हेच या आजाराचे लक्षण आहे. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत लंगडणे थांबलेले असते, त्यामुळे सकाळच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा आणि दोन्ही गुडघ्यांचे शेजारी शेजारी छायाचित्र काढावे. याउलट, वाढीच्या वयातले साधे पाय दुखणे संध्याकाळी किंवा रात्री, बहुधा दोन्ही पायांत होते; त्यात सूज नसते आणि सकाळी मूल नेहमीसारखे चालते.

ताप आणि एकच सांधा गरम, पाय टेकवतही नाही, अशी स्थिती असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे, फिकटपणा, वजन घटणे किंवा अंगावर काळे-निळे डाग असतील तर रक्ताचा कर्करोग नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नये, कारण त्यामुळे निदान झाकले जाते. सांध्याचा क्षयरोग आणि पावसाळ्यातला चिकुनगुनियाही विचारात घ्यावा लागतो. घसादुखीनंतर काही आठवड्यांनी दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागले तर तो संधिज्वर असू शकतो आणि तेव्हा हृदयाची तपासणी आवश्यक असते. गालांवर पुरळ, तोंडात फोड आणि लघवीतून प्रथिने जाणे ही ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), तर जिना चढताना मांड्यांतली ताकद कमी पडणे आणि पापण्यांवर जांभळट छटा ही डर्मॅटोमायोसायटिसची (स्नायू आणि त्वचेला सूज येण्याचा आजार) लक्षणे असू शकतात.

रक्ताच्या अहवालावर फार विसंबू नये. बालसंधिवात असलेल्या बहुतेक मुलांत आरए फॅक्टर (मोठ्यांच्या संधिवातासाठी केली जाणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह असतो, आणि रक्तातले वाढलेले एएसओ (घशाच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे) केवळ पूर्वी घशाचा संसर्ग होऊन गेल्याचे सांगते. निदान मुख्यतः हाताने सांधे तपासूनच होते. प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी सुरुवातीची तपासणी करून घ्यावी आणि शंका राहिल्यास मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी.

सुरुवातीला नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनसारखी सूज कमी करणारी औषधे दिली जातात. एखाद-दुसराच सांधा सुजला असेल तर त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन फार गुणकारी ठरते. आजार पसरलेला असेल तर मेथोट्रेक्सेट देतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून ठरलेला वार कॅलेंडरवर ठळक लिहावा. परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात आणि त्या काळात ‘गुण येत नाही’ म्हणून औषध सोडणे हे सर्वांत मोठे नुकसान असते. पुढच्या पायरीवरची जैविक औषधे (सूज वाढवणारे शरीरातले ठरावीक घटक रोखणारी) देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात. ही औषधे चालू असताना कोणतीही लस तज्ज्ञांना विचारूनच द्यावी आणि घरात किंवा वर्गात कांजिण्या आल्यास लगेच कळवावे.

सांध्याला पूर्ण विश्रांती देणे हे प्रेमापोटी होते, पण त्यामुळे स्नायू बारीक होतात आणि सांधा वाकडाच राहतो. सकाळी कोमट पाण्याची आंघोळ, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि शक्य असल्यास पोहणे चालू ठेवावे. शाळेला लेखी कळवून परीक्षेत लिहिण्यासाठी जादा वेळ मागावा.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते डोळे. या आजारात काही मुलांच्या डोळ्याच्या आत सूज येते, तेव्हा बहुतेकदा डोळा लालही होत नाही आणि दुखतही नाही, तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि एएनए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना हा धोका अधिक असतो. त्यांची नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पखाली (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारे यंत्र) सुरुवातीला साधारण दर 3 महिन्यांनी तपासणी व्हायला हवी. सांधे बरे झाले आणि औषधे थांबली तरीही ही तपासणी डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चालू ठेवावी.